हजीऱ्याला कोणत्या वाटेने जावे?



आमच्या जळगावच्या सायकलमित्रांच्या मंडळात गेले दोन महिने एकच वाद रंगला आहे. हजीऱ्याला जावयाचे, हे ठरले आहे. बावीस जणांनी जावयाचे, त्यांत सतरा वर्षांच्या महाविद्यालयीन मुलापासून चौसष्ट वर्षांच्या निवृत्त शिक्षकापर्यंत सारे असावयाचे, सामान वाहण्यास एक टेंपो आणि सर्वांच्या मागे एक मोटारसायकल ठेवावयाची, येथवर कोणाचेही दुमत नाही. वाद आहे तो वाटेचा. जळगावहून हजीऱ्याला सायकलीने जाण्यास तीन वाटा आहेत आणि मंडळात तिन्हींचे कैवारी आहेत. दर रविवारी सकाळी चहाच्या दुकानी नकाशा उलगडला जातो. चहा निवून जातो, पण निकाल लागत नाही. हा घरगुती वाद आज आपणांपुढे मांडतो आहे तो अशासाठी की, अलीकडे गावोगावी अशा अनेक दिवसांच्या सायकलसहली निघू लागल्या आहेत, आणि वाट कोणती धरावी हा प्रश्न त्या प्रत्येकीपुढे उभा राहतो.

प्रथम हजीराच का, ते सांगितले पाहिजे. ते काही तीर्थक्षेत्र नव्हे आणि हवा खाण्याचे ठिकाण तर नव्हेच नव्हे. सुरत शहराच्या पश्चिमेस पंचवीस-तीस किलोमीटरांवर, तापी नदी समुद्राला मिळते तेथे, तिच्या उजव्या तीरावर हे गाव आहे. पैलतीरी डुमस. आज हजीऱ्याला नैसर्गिक वायूवर प्रक्रिया करणारे केंद्र आहे, खताचा कारखाना आहे, पोलादाचा कारखाना आहे आणि बंदरही आहे. तेथून निघालेली वायूची नळी मध्य प्रदेशातील विजयपूर आणि उत्तर प्रदेशातील जगदीशपूरपर्यंत गेली आहे. डोळ्यांचे पारणे फिटावे असे त्यात काही नाही, हे मलाही मान्य आहे. पण आम्ही खानदेशी माणसे तापीच्या काठची. मुलताईला उगम पावून 724 किलोमीटर चालत आलेली ही नदी आम्ही चांगदेवला पाहिली आहे, थाळनेरला पाहिली आहे, सारंगखेड्याच्या यात्रेत आणि प्रकाशाच्या घाटावर पाहिली आहे. तिचा शेवट मात्र आमच्यापैकी फार थोड्यांनी पाहिला आहे. आणखीही एक कारण आहे. पोटापाण्यासाठी खानदेशातील असंख्य कुटुंबे सुरतेस गेली आणि तेथलीच झाली. उधना, लिंबायत या भागांत आजही बाजारात अहिराणी कानी पडते. आमच्या बाविसांपैकी निम्म्यांचे कोणी ना कोणी तेथे आहे. तेव्हा हजीरा हे आमच्या दृष्टीने परक्या मुलखातले टोक नव्हे. आपल्याच नदीच्या आणि आपल्याच माणसांच्या वाटेचे ते शेवटचे गाव आहे.

आता वाटा. पहिली अर्थात महामार्गाची. राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 53 हा हजीऱ्याहून निघून ओडिशातील पारादीपपर्यंत जातो आणि मध्ये तो आमच्या जळगावास शिवूनच जातो. एरंडोल, पारोळा, धुळे, साक्री, कोंडाईबारीचा घाट, विसरवाडी, नवापूर, सोनगड, व्यारा, बारडोली, सुरत, हजीरा. सारे मिळून साडेतीनशे किलोमीटरांच्या आसपास. तरुण मंडळींचा कल या वाटेकडे आहे. त्यांचे म्हणणे खोटे नाही. रस्ता बराचसा चौपदरी आणि गुळगुळीत आहे. वाट विचारावी लागत नाही, चुकण्याचा प्रश्न नाही. दर चार कोसांवर ढाबा आहे. काही दुखले-खुपले तर दवाखाना जवळ आहे. आणि चार दिवसांत काम संपते, म्हणजे रजा कमी लागते. नोकरदार माणसाला हा शेवटचा मुद्दा फार वजनदार वाटतो, आणि तो आहेही.

तरीही या वाटेला माझा विरोध आहे. त्याचे कारण सांगणे मला प्राप्त आहे, कारण त्यात दोष माझा होता.

काही वर्षांपूर्वी आम्ही चौदा जण याच महामार्गाने धुळ्याहून सुरतेस निघालो होतो. आखणी मी केली होती. टेंपोने सकाळीच पुढे जावे, घाट उतरल्यावर विसरवाडीजवळ चूल मांडावी आणि येतील तसे स्वार जेवू घालावेत, अशी माझी योजना. कागदावर ती सुरेख दिसत होती. दहिवेल सोडल्यावर आमच्यातील एका गुरुजींच्या मागच्या चाकाच्या दोन तारा एकदम तुटल्या. चाक डगमगू लागले, ब्रेकला घासू लागले आणि सायकल चालेनाशी झाली. ते सर्वांच्या शेवटी होते. फोन लागेना. पाण्याची बाटली घाटाच्या चढावर आधीच संपलेली. उजव्या हाताला मालमोटारींची अखंड रांग, डाव्या हाताला उतार, आणि प्रत्येक मोटारीच्या वाऱ्याने सायकल हातात हेलकावे खाते आहे, अशा स्थितीत ते दोन तास सायकल ढकलीत चालले.

आणि आम्ही? आम्ही जेवत होतो. कोणी हातपाय धुवावयास गेले होते, कोणी झाडाखाली आडवे झाले होते. प्रत्येकाची समजूत अशी की, गुरुजी इकडेतिकडे असतील. शेवटी आवराआवर करताना एका माणसाच्या भाकऱ्या उरल्या, तेव्हा आमच्या ध्यानात आले की एक माणूस कमी आहे. टेंपो उलट फिरविला. घाटाच्या वळणावर ते सापडले. शेळ्या राखणाऱ्या एका बाईने त्यांना आपल्या जवळचे पाणी दिले होते. त्यांनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही. नवापूरपर्यंत टेंपोत बसून आले, तेथे गाडी पकडली आणि घरी परतले. त्यानंतर मंडळाच्या एकाही सहलीस ते आले नाहीत.

तेव्हापासून माझी वाट निवडण्याची रीत उलटी झाली. पूर्वी मी आधी रस्ता पाही, मग मुक्काम, मग टेंपो, आणि माणसे शेवटी. आता मी आधी शेवटचा माणूस पाहतो. साठीचा, पण नियमाने सायकल चालविणारा माणूस थांबत, पाणी पीत, तासाला बारा किलोमीटर जातो असे धरा. सकाळी साडेसहाला निघाला तर साठ किलोमीटर संपवून तो दुपारी बाराला मुक्कामावर पोहोचतो, सावलीत जेवतो, घटकाभर झोपतो, संध्याकाळी गाव पाहतो. तेच अंतर नव्वद किलोमीटर ठेवले तर त्याचा सारा दिवस रस्त्यावर जातो. तो पोहोचतो तेव्हा इतरांच्या गप्पा संपलेल्या असतात आणि दुसऱ्या दिवशी त्याला सर्वांआधी उठावे लागते. अंतर दीडपट झाले, पण त्याचे कष्ट तिप्पट झाले. जळगाव ते धुळे हे पहिल्याच दिवशी नव्वद किलोमीटर होते, आणि दुसऱ्या दिवशी धुळ्याहून नवापूर शंभराच्या पुढे, वर मध्ये घाट. चार दिवसांच्या आखणीत कमी करावयास जागाच नाही.

ही गोष्ट आम्हांस कोणा परदेशी पुस्तकातून शिकावयास नको होती. आपल्याकडे शेकडो माणसांनी अनेक दिवस एकत्र चालावे, त्यांचे सामान वाहनातून पुढे जावे, मुक्कामावर तंबू आणि स्वयंपाक तयार असावा, ही व्यवस्था आषाढी वारीच्या दिंड्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचे वेळापत्रक कधी नीट पाहावे. पुण्याहून दिवे घाट चढून सासवडला जाण्याचा टप्पा सर्वांत मोठा आणि कठीण. म्हणून पालखी पुण्यास दोन रात्री विसावते आणि घाट चढून गेल्यावर सासवडलाही दोन रात्री राहते. कठीण दिवसाच्या अलीकडे आणि पलीकडे विश्रांती ठेवावी, हे त्या आखणीने ओळखले आहे. गेली दहा-बारा वर्षे नाशिकचे सायकलस्वार पंढरपूरची सायकलवारी करीत आहेत. शेकडो माणसे एका वेळी रस्त्यावर असतात आणि त्यांच्यामागे सामानाच्या गाड्या, दुरुस्तीची माणसे, वैद्यकीय मदत अशी सारी फौज असते. पाहिले तर दिंडीचीच घडी. चाके तेवढी नवी आलेली.

परदेशातील एक उदाहरण मात्र सांगण्याजोगे आहे, आणि तेही वर्तमानपत्राशी संबंधित असल्याने या पानावर शोभेल. अमेरिकेतील आयोवा राज्यात दे मॉईन शहरच्या ‘रजिस्टर’ या दैनिकाच्या जॉन कॅरस आणि डोनल्ड कॉल या दोघा लेखकांनी 1973 साली राज्याच्या पश्चिम टोकापासून पूर्व टोकापर्यंत सायकलीने जाण्याचे ठरविले आणि वाचकांनाही बरोबर येण्याचे आमंत्रण दिले. त्यातून आजची ‘रॅगब्राय’ ही प्रचंड सहल निर्माण झाली. मिसूरी नदीच्या बाजूने निघताना मागचे चाक पाण्यात बुडवावयाचे आणि मिसिसिपीला पोहोचल्यावर पुढचे, असा तेथील प्रघात आहे. तिचा मार्ग दरवर्षी बदलतो आणि मुक्कामाची गावे आधी जाहीर होतात. रस्ता त्या गावांना जोडीत जातो. पहिल्याच वर्षी क्लॅरेन्स पिकार्ड नावाचे 83 वर्षांचे एक निवृत्त शेतकरी बायकांची एक जुनी सायकल घेऊन, डोक्यावर उन्हाची टोपी घालून आले आणि सर्वांबरोबर शेवटपर्यंत गेले. त्या सहलीत सर्वांत जलद कोण गेले हे आज कोणाला ठाऊक नाही. पिकार्डांचे नाव मात्र अजून घेतले जाते.

असो. दुसरी वाट तापीच्या उत्तर तीराची. जळगावहून चोपडा, शिरपूर, शहादा, प्रकाशा, आणि तेथून एकतर दक्षिणेस नंदुरबार, किंवा तशीच पुढे तळोदा, अक्कलकुवा, सागबारा, नेत्रंग अशी गुजरातेत उतरून मांडवीवरून सुरत. आमचे कवी मनाचे सभासद या वाटेवर लुब्ध आहेत. उजवीकडे सातपुड्याची निळी रांग, डावीकडे केळीच्या बागा आणि कापूस, वाटेत थाळनेरला फारुकी सुलतानांच्या कबरी, प्रकाशाला महादेवाची मंदिरे. डोळ्यांच्या दृष्टीने तिन्हींत हीच श्रेष्ठ. पण चोपडा-शिरपूरचा रस्ता म्हणजे बऱ्हाणपूर-अंकलेश्वर मार्ग आहे. तेथेही मालमोटारींची वर्दळ कमी नाही, आणि महामार्गासारखी ऐसपैस कड मात्र नाही. अक्कलकुव्यापलीकडे डोंगराळ मुलूख. मुक्काम दूरदूर, बावीस जणांची, त्यांत पाच स्त्रियांची, झोपण्याची आणि न्हाणीची नीट सोय मिळणे कठीण, आणि कोणी आजारी पडल्यास त्याला घरी पाठविण्यास जवळ रेल्वे नाही. सहा-सात पट्टीच्या स्वारांनी ही वाट अवश्य धरावी. मिश्र मेळाव्याने धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसरी वाट मधली. जळगावहून धरणगाव, अमळनेर, बेटावद, शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार, खांडबारा, नवापूर, आणि मग सोनगड, व्यारा, वालोड, बारडोली, सुरत. नकाशावर ही वाट जराशी वाकडी दिसते, रस्ता कोठे एकपदरी, कोठे उखडलेला आहे, आणि शिंदखेड्याकडच्या बाजूला वेड्या बाभळीच्या काट्यांचे राज्य आहे. तरुण मंडळी हिला ‘पंक्चरची वाट’ म्हणतात. मला विचाराल तर हीच खरी हजीऱ्याची वाट.

तसे म्हणण्यास इतिहासाचा आधार आहे. सुरत हे मोगलांचे मोठे बंदर होते तेव्हा बऱ्हाणपुराहून सुरतेस जाणारा तांड्यांचा रस्ता शिंदखेड्यापासून पुढे बहुतेक याच गावांवरून जाई. इंग्रजांचा वकील सर टॉमस रो 1615 च्या सप्टेंबरात हजीऱ्याजवळच्या सुवाळीच्या किनाऱ्यावर उतरला आणि नोव्हेंबरात बऱ्हाणपुरास पोहोचला. त्याच शतकातला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये याने सुरतेहून बऱ्हाणपुरापर्यंतचे टप्पे कोसांच्या हिशेबाने लिहून ठेवले आहेत. बारडोली, नवापूर, नंदुरबार, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा ही नावे त्याच्या फिरंगी उच्चारांतूनही ओळखू येतात. नवापूरच्या बारीक, कस्तुरीसारख्या सुवासाच्या तांदळाची त्याने तोंड भरून वाहवा केली आहे. तेथे मुक्काम करून भात न खाल्ला तर तो करंटेपणा ठरेल! हे सांगण्यात इतिहासाची हौस आहेच, पण व्यवहारही आहे. त्या वाटेवरील गावांतील अंतरे बैलाच्या चालीने ठरली आहेत. दिवसाकाठी जनावर जेवढे चालेल तेवढ्यावर पाणी, बाजार आणि निवारा. बैलांच्या दोन मजला एकत्र केल्या की आमच्या शेवटच्या स्वाराचा एक दिवस भरतो.

पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी सुरतेहून जळगावकडे येणारी तापी खोऱ्याची रेल्वे पुरी झाली तीही याच पट्ट्यातून. अमळनेर, शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर, व्यारा, बारडोली या साऱ्या गावांना स्थानक आहे. खानदेशचा माणूस सुरतेच्या मागांवर कामाला गेला तो याच गाडीने. आमच्या सहलीला तिचा उपयोग वेगळा आहे. ज्याचा गुडघा धरला, ज्याच्या घरून निरोप आला, त्याला टेंपोत पाहुण्यासारखे बसून राहावे लागत नाही. तो गाडीने पुढच्या मुक्कामी जाऊ शकतो किंवा घरी परतू शकतो. सहल अर्ध्यावर सोडण्याचा मार्ग सोपा असला, की सहलीस येण्याचे धैर्य माणसाला अधिक होते, हा माझा अनुभव आहे.

दिवस असे पडतात. पहिला दिवस अमळनेर, साठ किलोमीटरांच्या आतबाहेर. साने गुरुजी जेथे शिकवीत ते गाव. संध्याकाळी बोरी नदीच्या काठी सखाराम महाराजांची समाधी पाहावी. दुसरा दिवस दोंडाईचा. हा थोडा लांब आणि काट्यांचा. तिसरा दिवस केवळ नंदुरबारपर्यंत, चाळीसाच्या आत. या तिसऱ्या दिवसावरच सर्वांत जास्त टीका झाली. “चाळीस किलोमीटरांसाठी एक दिवस कशाला?” असे विचारतात. पण पहिल्या दोन दिवसांत जे जे बिघडावयाचे ते तिसऱ्या दिवशी उघडकीस येते. खोगिराने कातडी सोलवटलेली असते, चेन ताणलेली असते, कपडे मळलेले असतात आणि माणसांचे स्वभावही थोडे आंबलेले असतात. दहा-साडेदहाला नंदुरबारला पोहोचावे, सायकली उलट्या करून धुवाव्या, कपडे वाळत घालावे. हिवाळ्यात गावाबाहेर मिरचीच्या पथाऱ्या पसरलेल्या असतात; मैदानेच्या मैदाने लाल होऊन जातात आणि वारा फिरला की शिंका आवरत नाहीत. संध्याकाळी बालशहीद शिरीषकुमारच्या स्मारकापाशी जावे. 9 सप्टेंबर 1942 रोजी शाळकरी वयाचा तो मुलगा आणि त्याचे चार सोबती तेथे गोळीबारात पडले.

चौथ्या दिवशी खांडबाऱ्यावरून नवापूर. येथील रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. एकाच बाकावर बसून दोन राज्यांत बसल्याचा आनंद लहानथोर सारे घेतात. पाचवा दिवस बारडोलीचा, ऐंशीच्या घरात, आणि तो मात्र टाळता येत नाही. वाटेत सोनगडचा किल्ला दिसतो. गायकवाडांची पहिली गादी येथली, बडोदे नंतरचे. बारडोलीस 1928 च्या सत्याग्रहाचा स्वराज आश्रम आहे. सहावा दिवस पस्तीसेक किलोमीटरांचा, सुरतेपर्यंत, आणि लिंबायतेत आपल्या माणसांकडे मुक्काम. मग सातव्या दिवशीची फक्त सकाळ. म्हणजे सहा दिवस आणि एक सकाळ; महामार्गापेक्षा अडीच दिवस अधिक.

आता या वाटेतील उणीवही सांगतो, नाहीतर मी वकिली केली असे होईल. विसरवाडीच्या बाजूने महामार्गाला लागलो, की नवापूरहून सोनगडपर्यंत तोच रस्ता धरावा लागतो. दुसरा सोयीचा रस्ता नाही. म्हणजे ज्या संकटाला भिऊन आपण निघालो ते पंचवीस-तीस किलोमीटर गाठतेच. पण येथे घाट मागे राहिलेला असतो, पायांना चार दिवसांची सवय झालेली असते, आणि उजाडताच निघालो तर वर्दळ वाढण्याच्या आत सोनगड येते. धोका मुळीच नाही असे म्हणत नाही. चार दिवसांचा धोका दोन तासांवर आणता येतो, एवढेच.

टेंपोने कसे वागावे, यावर आमच्यात वाटेइतकाच वाद झाला. कित्येकांना वाटते की मदतीच्या गाडीने स्वारांच्या पाठीशी हळूहळू चालावे. महामार्गावर हे करू नये. ऐंशीच्या वेगाने येणाऱ्या मालमोटारीपुढे बारा किलोमीटरांच्या वेगाने रांगणारा टेंपो हे संरक्षण नसून नवे संकट आहे. त्याने दर आठ-दहा किलोमीटरांवर, रस्ता सोडून, पेट्रोलपंपाच्या किंवा शाळेच्या आवारात उभे राहावे. तेथे प्रत्येकाने थांबून आपल्या नावापुढे खूण करावी, पाणी भरावे. सर्वांत मागची मोटारसायकल येऊन पोहोचेपर्यंत टेंपोने जागा सोडावयाची नाही. मोटारसायकलस्वाराजवळ पंप, ट्यूब, चाकाच्या तारा, चेनचे दुवे आणि चार लिटर पाणी असावे. आणि त्याने कोणत्याही कारणाने शेवटच्या सायकलीच्या पुढे जाऊ नये. भाकऱ्या मोजून माणसे शोधण्याची पाळी पुन्हा येऊ नये, म्हणून हा नियम मी लेखी करून घेतला आहे. आणखी एक लक्षात ठेवावे. साध्या काळ्या सायकलीचे सामान दोंडाईच्यालाही मिळते. गिअरच्या सायकलीची बारीक ट्यूब आणि तिच्या मापाची तार मिळेलच असे नाही. ती जळगावहूनच न्यावी.

निघावयाचे केव्हा? हिवाळ्यात, हे उघड आहे. पहाटेचा वारा या दिवसांत बहुधा पूर्वेकडून, म्हणजे पाठीमागून असतो. समुद्र जवळ आला की दुपारी तोच पश्चिमेकडून तोंडावर येतो. म्हणून सुरतेकडचे दोन्ही दिवस दुपारच्या आत संपवावे. पण हिवाळ्यातही एक काळ कटाक्षाने वगळावा, तो संक्रांतीच्या अलीकडचा. गुजरातेत उत्तरायणाच्या आधी कित्येक दिवस पतंग चालू होतात, आणि सुरतेचा मांजा तर प्रसिद्धच आहे. रस्त्यावर आडवा लोंबकळणारा मांजा दुचाकीवाल्याच्या गळ्याशी काय करतो, ते सांगावयास नको. संक्रांत होऊन आठ-दहा दिवस गेले की निघावे. तोवर पौष सरला नसेल तर आणखी सोय. पौषात लग्ने नसल्याने मंगल कार्यालये रिकामी असतात आणि अमळनेर-नंदुरबारला बावीस जणांना सतरंज्यांसह दिवाणखाना थोडक्यात मिळतो. बारडोलीच्या बाजूला मात्र उसाचे दिवस असतात. कारखान्याकडे जाणाऱ्या गाड्यांतून ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असतो. त्यांना ओलांडताना हातभर अधिक अंतर ठेवावे. भूक लागली तर सुरतेच्या वेशीवर पोंक, म्हणजे आपला हुरडा, शेवेबरोबर मिळतो.

शेवटची सकाळ रविवारी यावी. सुरत-हजीरा रस्त्यावर कारखान्यांची आणि बंदराची अवजड वाहने असतात, आणि सुटीच्या पहाटे त्यांची दाटी थोडी कमी असते. हजीऱ्याला नदीमुखाशी बहुतेक जागा कारखान्यांनी आणि बंदराने व्यापली आहे. समुद्राला हात लावावयाचा असेल तर शेजारच्या सुवाळीच्या किनाऱ्यावर जावे. तेथे चाक भिजविण्याचा आमचा बेत आहे, पण दोन गोष्टी पाळून. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक फार मोठा. ओहोटीला पाणी दूर जाते आणि मध्ये चिखल राहतो. तेव्हा भरतीची वेळ आदल्या दिवशी पाहून ठेवावी. आणि पाण्यात कोणी उतरावयाचे नाही. तेथील पाण्याने पोहणाऱ्यांचेही बळी घेतले आहेत. ज्यांना आणखी रजा आहे त्यांना पुढचीही वाट आहे. 2020 च्या नोव्हेंबरात हजीऱ्याहून आखातापलीकडच्या घोघ्यास जाणारी वाहनांची बोट सुरू झाली. रस्त्याने पावणेचारशे किलोमीटर पडणारे ते अंतर समुद्रातून नव्वदच आहे. सायकलस्वाराला यापरते सुख कोणते? बोटीची वेळ मात्र निघण्यापूर्वी विचारून घ्यावी.

परवा मी त्या गुरुजींच्या घरी गेलो होतो. तिन्ही वाटा त्यांना दाखविल्या. पहिल्या दोन त्यांनी नुसत्या पाहिल्या. तिसरीवर त्यांनी चष्मा लावून बोट फिरविले आणि नंदुरबारपाशी थांबविले.

“इथं गाडी आहे ना भाऊ?” त्यांनी विचारले.

“आहे, गुरुजी. दिवसातून बऱ्याच आहेत.”

“मग नंदुरबारपर्यंत येतो. पुढचं पुढं पाहू.”

येत्या रविवारी मंडळात मते घ्यावयाची आहेत. काय होईल ते सांगता येत नाही. चार दिवसांच्या वाटेला अजून नऊ जण आहेत. मी मात्र टेंपोच्या यादीत गुरुजींच्या मापाच्या मागच्या चाकाच्या सहा तारा लिहून ठेवल्या आहेत. त्याच यादीत गोड्या पाण्याचे दोन डबे आणि तेलाची बाटली आहे, ती सुवाळीसाठी. खारे पाणी लागलेली सायकल तशीच सुरतेच्या गाडीत सामानाच्या डब्यात चढविली, तर जळगावला उतरेपर्यंत चेनवर गंज चढतो.